उचलणारे

२ मार्च
पुन्हा तेच! जाऊ नको, जाऊ नको. दादाचं काय जातं, खाटेवर पडून हुकूम सोडायला! आलोच शेवटी. तो जिथनं पडला त्याच इमारतीवर, त्याच मुकादमाच्या हाताखाली. मी कुणाचा भाऊ, इथे कुणाला ठाऊक नाही. खोली झकास आहे, इमारतीच्याच तळमजल्यावर, दोन खिडक्यांची. शेजारचा वेल्डर ढगासारखा घोरतो, पण चहा स्वतःच्या पैशाने पाजतो.

५ मार्च
परांचीखाली आजही जाळी नाही. पट्टा मागितला तर मुकादम म्हणाला, कमरपट्टा नवरीला लागतो, तुला कशाला? सगळे हसले. मीही. वेल्डर फुशारकी मारत होता, मागच्या वर्षी एक पडला, त्याला मी आणि मुकादमाने हातापायांना धरून पोत्यासारखा टेम्पोत टाकला. डॉक्टर आम्हाला म्हणाले होते, मान न हलवता फळीवर सरळ आणला असता तर पाय वाचले असते. मी चहा वाळूत ओतला.

९ मार्च
जेवणाच्या सुट्टीत वर परांचीवर कुणीतरी चालत होतं. फळ्या दबत होत्या. माणूस दिसेना. चाल मात्र दादाची, डाव्या पायावर जोर देऊन.

१० मार्च
वेल्डर पडला. कुणी लाथ घालावी तसा. शुद्धीत होता, पाठ, पाठ म्हणून ओरडत होता. काय करायचं ते मला ठाऊक होतं. फळी हाताशी होती. मुकादमाने खांदे धरले, मी पाय. त्याच्या पाठीत काहीतरी कट्‌कन तुटलं. बरं वाटलं.
संध्याकाळी वहिनीचा फोन. दादाच्या पायाचा अंगठा हलला म्हणे.

१३ मार्च
मुकादमही तसाच पडला. कमरेखाली नुसतं लाकूड. वहिनी रडत रडत हसत होती, दादा भिंत धरून उभा राहिला. फिटलं सगळं. आता घरी—
पण वर पावलं थांबलेली नाहीत.

१४ मार्च
पावलं शिडीवरून उतरतायत. दादा, तुला उचलणारे दोघेच होते. तिसरा कोण हवाय—
वेल्डरचे पाय मी धरले होते.

१५ मार्च
लाथ बसली. पडलो. चौघे धावले. ओरडलो, हात लावू नका, फळी आणा— कोण ऐकतो, उचललंच. पाय समोर दिसतात, माझे वाटत नाहीत. चौघांची तोंडं लक्षात ठेवलीत.
वर पुन्हा पावलं. ही चाल दादाची नाही. माझी.
वहिनी, दादा अंगणात चालला म्हणतेस, त्याला चपला घे. मजुरीचे पाठवतोय, नऊ हजार चारशे—