वैमानिक दाळी

वत्सला दिनकर बेळगुंदकर, तुझे संपूर्ण नाव मी यापूर्वी लिहिले नाही असे नव्हे; रेशनकार्डावर, दवाखान्याच्या अर्जावर आणि शेवटी नगरपालिकेच्या दाखल्यासाठी ते लिहिले आहे. मात्र त्या नावाने तुला हाक कधी मारली नाही. तू मला ‘अहो’ म्हणालीस, मी तुला ‘ऐकलं का’ म्हणालो, आणि तेवढ्यावर आपला छत्तीस वर्षांचा संसार व्यवस्थित झाला. तुला जाऊन एकोणीस वर्षे झाली. निपाणीचे आपले भाड्याचे घर मी आज सोडले. मुलाने टिळकवाडीतील फ्लॅटमध्ये माझ्यासाठी खोली तयार ठेवली आहे. निघण्यापूर्वी मला घरमालकीण आक्कांसमोर एक खरी गोष्ट सांगून टाकायची होती. ती तुझ्या हयातीतच सांगायला हवी होती. ती गोष्ट डाळीची आहे.

एकाहत्तर सालचा डिसेंबर. आपल्या लग्नाला पुरते वर्षही झालेले नाही. तू साताऱ्याकडची, कानडीचा एक शब्द तुला येत नाही. मी बेळगुंदीचा; मला भाजी घेण्याइतकी कानडी येते, परंतु मी बी. ए. आहे, हायस्कुलात संस्कृत शिकवतो आणि कानडी बातम्या संस्कृतप्रचुर असल्याने मला सर्व समजतात, असे मी तुला सांगून ठेवले आहे. युद्ध चालू असल्याने रात्री उजेड बाहेर दिसू द्यायचा नाही, म्हणून खिडक्यांच्या काचांना आपण काळा कागद खळीने चिकटवला आहे, आणि झुरळे रोज ती खळ खाऊन कागदाचे कोपरे सोडवत आहेत. मी गल्लीचा स्वयंघोषित वॉर्डन झालो आहे. शाळेची शिट्टी गळ्यात अडकवून मी दिवेलागणीला दारोदार फिरतो, आणि पहिल्याच संध्याकाळी ज्या घरातून उजेड बाहेर येत असल्याबद्दल मी खडसावतो, ते घर आपले निघते. तू आतून म्हणतेस, “अहो, चूल आहे ती. शिट्टीनं विझायची नाही.”

त्या दिवशी मराठी केंद्राची नुसती खरखर येत होती, म्हणून तुझ्या वडिलांनी दिलेल्या ट्रान्झिस्टरवर मी कानडी केंद्र लावले. निवेदक घाईघाईने बोलत होता. तू कणीक मळता मळता विचारलेस, “काय म्हणतोय?” मला ‘वैमानिक’ हा शब्द कळला होता, आणि त्यानंतर दोनदा ‘दाळी’ असे ऐकू आले होते. आपल्या बाजारात डाळीला दाळच म्हणतात. मी क्षणभर विचार केला, चष्मा सारखा केला आणि म्हणालो, “विमानाने डाळी हलवत आहेत. सीमेवरील जवानांसाठी. म्हणजे इकडे तुटवडा पडणार.” हे मी इतक्या ठामपणे सांगितले की दुसऱ्या दिवशी मीसुद्धा त्यावर विश्वास ठेवून शाळेत गेलो.

तू सकाळी पिशव्या घेऊन बाजारात गेलीस आणि वाटेत तीन बायकांना ही बातमी दिलीस. दुपारपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानातली तूरडाळ संपली, मग हरभऱ्याची, मग मुगाची, आणि शेवटी ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांनी मसुरीवर समाधान मानले. दुकानदार म्हणे हात जोडत होता, “बाई, युद्ध तिकडं चाललंय, हिकडं न्हाय!” पण रेडिओवर सांगितले म्हटल्यावर त्याचे कोण ऐकणार?

आक्का तेव्हा आठ दिवस चिकोडीला बहिणीकडे गेल्या होत्या. त्यांचे घराणे जैन, तंबाखूच्या व्यापारातले. मराठी आणि कानडी दोन्ही त्यांच्या घरच्याच. परत येऊन पाहतात तर अंगणात प्रत्येक बिऱ्हाडाची डाळ उन्हात पसरलेली, पाय ठेवायला जागा नाही. कारण ऐकताच त्या पायरीवरच बसल्या. “अगं बायांनो, कानडीत दाळी म्हंजे हल्ला! विमानांनी हल्ला केला म्हणत हुता त्यो! कुणी सांगितलं हे शहाणपण?”

मी नुकताच शाळेतून आलो होतो, सायकल हातातच होती. सर्वांनी इकडेतिकडे पाहिले. तू पदर सावरून म्हणालीस, “मीच ऐकलं, आक्का. मला कुठं येतंय कानडी.” आणि मी काय केले? मी सायकल स्टँडवर लावली आणि जमलेल्या मंडळींना दाळी या शब्दाचे दोन भाषांतील दोन अर्थ समजावून सांगितले.

युद्ध दोन आठवड्यांत संपले. डाळ शिमग्यापर्यंत पुरली. विजयाची बातमी आली त्या दिवशी तू आणि आक्कांनी अंगणात तीन दगडांची चूल मांडून अख्ख्या गल्लीला पुरणपोळ्या घातल्या. त्यानंतर मात्र आमटी, वरण, डाळवडे, पुन्हा वरण. हा किस्सा मी पुढे शिक्षकांच्या खोलीत सांगितला, मुलाच्या मुंजीत सांगितला, व्याह्यांना सांगितला, ‘आमच्या मंडळींची कानडी’ या शीर्षकाखाली. घरी सांगितला की प्रत्येक वेळी स्वयंपाकघरातून तुझ्या हसण्याचा आवाज येई. माझी सांगण्याची हातोटी तुला आवडते, असा माझा समज होता. तू गेल्यावर तो आवाज येईनासा झाला, तेव्हापासून मी तो किस्सा सांगणे बंद केले, आणि माझे मौन मला बोचू लागले.

तर आज सकाळी सामानाचा टेम्पो पुढे गेल्यावर मी आक्कांसमोर उभा राहिलो. त्यांना आता ऐकू कमी येते, म्हणून ही कबुली मला मोठ्याने द्यावी लागली. “आक्का, ती डाळीची चूक तिची नव्हती. अर्थ मी सांगितला होता.”

त्यांनी कानाशी धरलेला हात खाली घेतला. मग म्हणाल्या, “मास्तर, हे तुमी मला आज सांगतासा व्हय? मला त्याच दिशी कळलतं. तिला कानडी येत नव्हतं, मग ती कशाला अर्थ लावत बसंल? एवढी मोठी चूक करायला कॉलेज शिकाय लागतंय.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तिनंच हात धरला की माझा. म्हणाली, आक्का, माझ्यावरच ऱ्हाऊ दे, शाळंतली पोरं त्यांना दाळमास्तर म्हणतील. आन् तुमी पावन्यांम्होरं गोष्ट सांगाय लागलासा की आमी दोघी आत तोंडात पदर कोंबून बसायचो. लई हसलोय मास्तर तुमाला. वैमानिक म्हनं!”

आणि त्या पुन्हा हसू लागल्या, पंचाऐंशीव्या वर्षी, भिंतीला धरून. प्रथम मी ओशाळलो. नंतर मलाही हसू आवरेना. टेम्पोवाल्याचा फोन येत होता, तो मी घेतला नाही.

हे मी टिळकवाडीच्या खोलीत बसून लिहीत आहे, आणि ते कोठे पाठवायचे नसल्याने पाकीट घेतलेले नाही. तुझी क्षमा मागण्यासाठी लिहावयास बसलो होतो. परंतु छत्तीस वर्षे तू मला मनसोक्त हसलीस हे कळल्यापासून मला इतके बरे वाटते आहे की, प्रामाणिकपणे सांगायचे तर, क्षमा मागण्याची इच्छाच उरलेली नाही.

सकाळी निघताना निपाणीच्या घराच्या दाराला कुलूप लावले, ते दोनदा ओढून पाहिले, आणि दोन्ही किल्ल्या आक्कांच्या हाती परत केल्या.