मुक्कामाच्या गावी राहिलेलं पुस्तक

कोल्हापूर,
९ जानेवारी २००१

ती. आक्काताई यांना,
झुंबरचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? गडहिंग्लजला इथल्यापेक्षा थंडी जास्त असते, तेव्हा पहाटे नळावर तुम्ही जाऊ नका, साक्षीला पाठवा. साक्षी, हे पत्र तूच सासूला वाचून दाखवत असशील, तर तोंड वाकडं करू नको. वाकडं केलंस तरी आक्कांना कळणारच.

इकडे सगळं ठीक. रूपालीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू आहे. तिच्या पप्पांच्या जागी मला एसटीच्या ऑफिसात शिपाई म्हणून घेतलं होतं, तिथं आता मी रुळले. चहा, पाणी, फायली, एवढंच काम. दुपारी खिडकीतून गाड्या सुटताना दिसतात. गडहिंग्लजची मुक्कामी गाडीही दिसते. तिच्यावर ड्रायव्हर अजून आकारामच आहे, ह्यांच्या जागी कंडक्टर तेवढा नवा आलाय.

एक सांगायचं म्हणजे, मी हल्ली पुस्तकं वाचते. तुम्ही हसाल. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि त्यानंतर मी वाचल्या त्या दुकानांच्या पाट्या. ह्यांच्या मागं पुण्यानुमोदनाच्या दिवशी आपल्यात पुस्तकं दान देतात म्हणून मी ह्यांची अख्खी पेटी विहारातल्या वाचनालयाला देऊन टाकली, ते तुम्ही पाहिलंच आहे. मला काय ठाऊक होतं की तीच पुस्तकं मी एक-एक करून मागायला जाणार आहे. वाचनालय बघणारा दादासो म्हणतो, "वहिनी, तुमच्याच पेटीतलं पुस्तक तुम्हालाच द्यायचं आणि वर सही घ्यायची म्हंजे मला लाज वाटाय लागल्या." मी म्हटलं, "वाटू दे. सही घे."

पुस्तकं अशी की त्यांची नावं कुणी ऐकलेली नाहीत. रद्दीवाल्याकडून वजनावर आणलेली. एक होतं शेती सुरू व्हायच्या आधीच्या माणसांचं. चुलीच्या राखेत सापडलेल्या जळक्या बियांवरून ते लोक काय खात होते हे कुणीतरी बसून शोधून काढलंय. एक होतं वाळवंट ओलांडायला निघालेल्या एका बाईचं. तिला उंटावर बसता येत नव्हतं, तरी गेली. मला मनातल्या मनात वाचता येत नाही, मोठ्यानं वाचलं तरच डोक्यात शिरतं. रूपाली म्हणते, आई, शेजारच्यांना वाटतंय घरात रोज सभा आहे.

बर्फात अडकलेल्या जहाजाचं पुस्तक मात्र मला महिनाभर मिळालं नाही. ज्ञानू गुरुजींनी नेलं होतं. रोज वाटायचं, हा माणूस आमच्या घरातली वस्तू घेऊन बसलाय. शेवटी त्यांच्या दारात गेले. म्हणाले, "झोप यीत न्हवती म्हणून नेलतं. दुसऱ्या पानावर आली की." परत दिलं तेव्हा त्यावर हळदीचं बोट होतं. मी ते पान किती वेळ पुसत बसले.

तेच ते जहाज, आक्का. पहिल्या स्मृतिदिनाला तुम्ही सगळ्यांना ज्याची गोष्ट सांगितलीत. बर्फानं जहाजाच्या फळ्या कशा मोडत आणल्या, माणसांनी कुत्री कशी जपली आणि मग तीच कशी मारावी लागली. बायका डोळ्याला पदर लावून ऐकत होत्या. छान सांगितलंत. ह्यांनीच सांगितलं म्हणालात. मुक्कामाला बहिणीकडे आले की जेवण झाल्यावर सांगायचे म्हणालात.

जाता जाता एक. पेटीत एक पुस्तक नाही. निळ्या कव्हरचं, मेंदूच्या कुणा डॉक्टरानं लिहिलेलं, माणसाच्या आठवणी कुठं आणि कशा राहतात त्याचं. शेवटच्या मुक्कामाला जाताना ते त्यांच्या पिशवीत होतं. तुमच्याकडे राहिलं असेल तर आकारामजवळ द्या. घाई नाही.

धाकट्यांना आशीर्वाद.

आपली,
झुंबर

कोल्हापूर,
६ फेब्रुवारी २००१

ती. आक्काताई यांना,
जयभीम.

आकारामनं तुमचा निरोप सांगितला. तोंडावरची माशी हलू न देता सांगितला. "आक्का म्हणाली, पुस्तक हाय. त्यानं हितं ठेवलंय, हितंच ऱ्हाणार." मी विचारलं, आणि काय म्हणाल्या? म्हणाला, "आणि काय न्हाय. मला च्या दिला."

साक्षी, पुढचं आक्कांना एकटीला वाचून दाखव. घरात पुरुषमाणसं असतील तर पत्र ठेवून दे.

घाई नाही असं मी लिहिलं होतं. घाई आहे. पेटीतली सगळी पुस्तकं वाचून झाली. ते एकच उरलंय.

आक्का, तुम्हाला वाचता येत नाही. त्या पुस्तकाचं तुम्ही काय करणार? हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. खोडणार होते, पण राहू दे. मनात आलं ते आलं.

माझ्या घरी हे कसे होते ते तुम्हाला सांगते. मुक्काम करून दुपारी यायचे, पैशाची बॅग जमा करून. हातपाय धुवायचे, जेवायचे, झोपायचे. भाजीत मीठ कमी असलं तरी बोलायचे नाहीत, उठून डबा घ्यायचे. मी शेजारणीला म्हणायची, आमच्या माणसाचं तोंड तिकीट विचारण्यापुरतं उघडतं, सगळे शब्द गाडीत संपतात. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. माणूस अबोल आहे, दारू पीत नाही, हात उचलत नाही, पोरीला शिकवतो, आणखी काय पाहिजे? वीस वर्षं मी एका अबोल माणसाशी संसार केला आणि मला तो पुरला.

आणि मग पहिल्या स्मृतिदिनाला, माझ्याच दारात, सतरंजीवर बसून तुम्ही सांगता की धम्मा रात्रीचं जेवण झालं की भिंतीला टेकून बोलत बसायचा. त्याला थांब म्हणावं लागायचं. कुत्र्यांची नावं सांगताना कुत्र्यासारखं भुंकूनही दाखवायचा, म्हणालात. सगळे हसले. मीही हसले. मग आत जाऊन मी पातेली घासली, ती घासलेलीच होती.

माझा नवरा भुंकत होता हे मला परक्या बायकांच्या बरोबरीनं कळलं.

तुमचा हेवा वाटतो, आक्का. सवतीचा वाटावा तसा. बहिणीचा असा हेवा करतात का? मला लाज वाटते, पण वाटतो. तुम्ही त्यांना अंगाखांद्यावर खेळवलं. दीक्षेनंतर घरात जन्मलेलं पहिलं पोर म्हणून त्यांचं नाव धम्मपाल ठेवलं तेही तुम्ही पाहिलं. ते तुमचंच आहे, मी मागत नाही. पण ही पुस्तकं त्यांनी लग्नानंतर आणली. माझ्या घरात ठेवली, माझ्या पेटीत. मी त्यांच्यावरची धूळ पुसली. आणि त्यांतली गोष्ट मात्र गडहिंग्लजला सांगितली.

म्हणून मी वाचायला लागले. ज्ञान व्हावं म्हणून नाही. दादासोला वाटतं वहिनी केवढ्या शिकायला लागल्या, तो चार माणसांत माझं कौतुक करतो. मी तुमची बरोबरी करायला वाचत होते. तुम्हाला ठाऊक असलेलं सगळं मला ठाऊक झालं पाहिजे, बस. एकेक पुस्तक संपलं की वाटायचं, हे एक आक्कांकडून सोडवून आणलं.

अजून एक आहे. ते आजवर लिहिलं नाही. त्या सकाळी त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा जवळ तुम्ही होता. पाणी तुम्ही पाजलंत. जीपमध्ये डोकं तुमच्या मांडीवर होतं. मी कोल्हापुरात डाळ निवडत होते. मी पोचले तेव्हा लोक मला वाट करून देत होते, म्हणजे मला कळलंच. त्यात तुमचा काय दोष? काहीच नाही. तुम्ही होता म्हणून ते एकटे नव्हते, हे मला दिवसा समजतं.

पण त्यांचं शेवटचं पुस्तकही तुमच्याकडेच राहावं, हे मला सोसत नाही. द्या ते.

झुंबर

कोल्हापूर,
२ मार्च २००१

प्रिय आक्का,
जयभीम.

पुस्तक मिळालं.

आकाराम ऑफिसच्या दारात आला आणि तुमच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं ते माझ्या हातात ठेवलं. निरोप काय म्हणून विचारलं तर आधी सांगेना. "वैनी, मी डायवर हाय, टपाल न्हाय." मग सांगितलं, आणि तुमच्याच आवाजात सांगितलं. "तिला म्हणावं, नांदलीस तू त्याच्यासंगं. लेकरू तुझं. सकाळ-दुपार तुझी. मला मुक्कामाच्या सांजा तेवढ्या. त्याबी मागतीस व्हय? घे मग."

मी फायलींच्या कपाटाआड जाऊन उभी राहिले. एवढ्या दिवसांत तुम्हालाही माझा हेवा वाटत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटायचं, ज्याच्याकडे गोष्टी आहेत त्याच्याकडे सगळं आहे.

पुस्तकाला शेंगदाण्यांचा वास येतोय. शेंगांच्या डब्यात ठेवलं होतंत ना? उंदरांपासून जपायला बरी जागा.

घरी नेऊन मी पहिल्या पानापासून वाचायला बसले. वाचत वाचत एका पानाशी आले, तिथं खालचा कोपरा दुमडलेला. ते नेहमी खालचाच दुमडायचे. दुमडीच्या अलीकडची पानं मऊ झाली आहेत, पलीकडची कोरी, एकमेकांना चिकटलेली. मी तिथं थांबले.

साक्षी, तुझी चिठ्ठी पुस्तकात सापडली. तू लिहिलंस की पुढचं मी वाचून दाखवते म्हटलं तर आत्याबाई म्हणाल्या, त्यानं जेवढं सांगितलं तेवढंच, पुढचं कुणी सांगायचं न्हाय. हे कळवलंस ते बरं केलंस.

म्हणजे आक्का, तुम्हीही तिथंच थांबलाय.

दुमडीच्या जरा अलीकडे एका कोळ्याची हकिकत आहे. तापानं त्याची आठवण गेली. स्वतःचं नाव सांगता येईना, बायकोला ओळखीना. पण हातात दोरा दिला की बोटं जाळं विणायची, एक गाठ चुकायची नाही. डॉक्टर म्हणतो, काही आठवणी हातांपाशी असतात, त्या डोक्याला विचारत नाहीत. त्या शेवटच्या संध्याकाळी त्यांनी तुम्हाला हेच सांगितलं असणार. सांगताना जाळं विणून दाखवलं का? कोळी आपल्या बायकोकडे बघतो तो चेहरा करून दाखवला का? मला पुस्तकात नुसतं लिहिलेलं मिळालं. मी मोठ्यानं वाचलं, दोनदा वाचलं, त्यात ते नव्हते.

सगळी पुस्तकं वाचून मी काहीच सोडवून आणलं नव्हतं, आक्का. ते तुमच्याकडेच आहे.

आता माझ्याकडचं एक सांगते. हे तुम्हाला ठाऊक नसणार, कारण तुमच्या घरी ते भिंतीला टेकून जागे असायचे. माझ्या घरी ते झोपायचे. झोपेत त्यांच्या उजव्या हाताची बोटं हलायची. आधी अंगठा, मग मूठ, मग अंगठा. तिकिटाला पंच करायचे तशी. चिक, चिक असा आवाज तेवढा नसायचा. मी शिवण घेऊन शेजारी बसायची आणि मनात म्हणायची, आता निपाणी आली असेल, आता संकेश्वर आलं असेल. बोटं थांबली की समजायचं, गाडी गडहिंग्लजला पोचली. मी हे आजवर कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही. कोळ्याचं वाचलं आणि वाटलं, माझ्याकडेही होतं की. मी तुमच्या डब्याकडे बघत बसले आणि माझा उघडलाच नाही.

तर असं करू. शनिवारी मी मुक्कामी गाडीनं येते. पुस्तक घेऊन येते. जेवण झाल्यावर तुम्ही मला दुमडीच्या अलीकडचं सांगा, जसं त्यांनी सांगितलं तसं, भुंकायचं असेल तिथं भुंकून. मी मध्ये बोलणार नाही. तुमचं झालं की पलीकडचं मी वाचीन. तिथून पुढं आपल्या दोघींना सारखंच ठाऊक नाही. मी अडखळत वाचते, शब्दाखाली बोट धरून, हसू नका. पलीकडचं तुम्हाला नकोच असेल, तर तसं आकारामला सांगा. मग मी कोपरा दुमडलेला ठेवून पुस्तक परत शेंगांच्या डब्यात ठेवीन आणि सकाळच्या गाडीनं निघेन.

ते टेकायचे ती भिंत मला दाखवा. पण तिथं बसायला सांगू नका. तिथं कुणी बसू नये. मला तुमच्या शेजारी जागा द्या.

भाकरी जाड करा, त्यांना करायचात तशी.

तुमच्यावर अजून थोडी जळणारी,
तुमच्या धम्माची आणि तुमची
झुंबर