पदवीआधी चढू नये असा मनोरा

बोलोन्या, सोमवार

प्रिय बहीण लीबेरा,

तुझं पत्र तीन आठवडे माझ्या उशीखाली आहे आणि मी रोज उत्तर उद्यावर ढकलतोय. आधी म्हटलं, तिकीट नाही. तिकीट आणलं तर म्हटलं, पेन नीट उठत नाही. खरं सांगू? भीती वाटते. तू एवढंच विचारलंस, 'समारंभ किती वाजता, बाबांना बस ठरवायची आहे.' एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर देता येत नाही म्हणून मला झोप नाही, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. फोन करावा तर तो बाबांच्या दुकानात, आणि दुकानात अख्खं गाव दाढीला बसलेलं.

शनिवारी पार्दो आला होता, माझा शाळेपासूनचा दोस्त, दुसरं कोण येणार. मालकाने त्याला टायर घेऊन मोदेनाला पाठवलं होतं, तिथून गाडी वळवून हा थेट माझ्या दारात. आईने त्याच्याबरोबर सॉसेजची माळ दिली होती, आणि पदवीच्या दिवशी वाटायच्या लाल साखरबदामांची पुडी, 'चव बघून कळव' म्हणून. ती पुडी मी अजून उघडलेली नाही. आल्या आल्या पार्दोने बातम्या ओतल्या. बस बावीस जणांची ठरली. बाबांनी सूट शिवला. दुकानाच्या काचेवर पाटी लागली, 'पुढच्या शुक्रवारी दुकान बंद, मुलगा कायद्याची पदवी घेऊन दोत्तोरे होतोय.' "आणि जो खुर्चीत बसेल त्याला तुझे बाबा गळ्याशी वस्तरा धरून तीच गोष्ट ऐकवतात," पार्दो म्हणाला. "कोण नाही म्हणेल? सगळे माना न हलवता 'वा वा' करतात." तो पोट धरून हसत होता. मीही हसलो.

मग म्हणाला, "चला वकीलसाहेब, तुमचं शहर दाखवा. पायी. गाडीत बसून माझी पाठ मोडलीय." शहर दाखवायला मी एका पायावर तयार असतो, तुला ठाऊक आहे. कमानींखालून निघालो. इथे पावसात छत्री लागत नाही, मैलोन् मैल कमानीच कमानी. मी त्याला लाकडी खांबांचं ते जुनं घर दाखवलं, ज्याच्या छतात तीन बाण रुतलेत. भिंतीतली खिडकी दाखवली, जिच्यातून एकदम कालवा दिसतो. एका कोपऱ्यावर करवतीवर गज फिरवून सूर काढणारा म्हातारा असतो, त्याच्याशी मी त्याच्या ट्रिएस्ट शहरातल्या वाऱ्याबद्दल इतका वेळ बोलत बसलो की पार्दोने मला बाही धरून ओढलं. "तुला एवढं सगळं कसं रे माहीत? अभ्यास कधी करतोस?" असं त्याने सहज विचारलं. मी पुढे चालू लागलो.

मोठ्या चौकात आलो. मधल्या उंच चौथऱ्यावरून मी तिरका निघालो, जवळ पडतं म्हणून. बाकावरचा एक पेन्शनर ओरडला, "ए पोरा, विद्यार्थी ना तू? मधून जाऊ नकोस, पदवी हातची जाईल!" मी म्हटलं, "जाऊ दे, आजोबा." पार्दो खो खो हसला. तिथून मनोऱ्यापाशी आलो. तिकिटाच्या बाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच तिकीट फाडलं. म्हणाली, "ह्याला जाऊ दे वर. तू खाली थांब. पदवीआधी जो चढला त्याला पदवी मिळत नाही. तीस वर्षं इथे बसलेय, शिकणाऱ्या पोरांना दारातूनच माघारी फिरताना बघतेय." मी म्हटलं, "दोन द्या." तिने खांदे उडवले आणि ओठातल्या ओठात माझ्यासाठी काहीतरी पुटपुटली. पार्दोने अपशकुन टळावा म्हणून पटकन खिशातल्या लोखंडी किल्लीला हात लावला. "तुझ्या आईला कळलं तर माझी तंगडी तोडेल," म्हणाला. पण आता तो हसत नव्हता.

चारशे अठ्ठ्याण्णव लाकडी पायऱ्या आहेत. निम्म्यावर मागून त्याची पावलं थांबली. "निको, तेरा दिवसांवर पदवी असताना माणूस काळ्या मांजराला बघून रस्ता बदलतो. तू सरळ इथे चढतोयस. तू घाबरत का नाहीस?" पार्दो शाळेत ढ होता, पण चाकातली हवा कुठून जाते ते त्याला बोटाने कळतं. त्याने विचारलं, "किती विषय राहिलेत?" मी म्हटलं, "सतरा." "कितीपैकी?" "चोवीस." तो पायरीवर बसलाच. वरून उतरणारं एक जोडपं आमच्या अंगावरून कसंबसं गेलं.

तर हे असं आहे, लीबेरा. शुक्रवारी काही नाही. प्रबंध नाही, हिरव्या पानांचा मुकुट नाही, काही नाही. तीन वर्षांत मी परीक्षेला बसलेलोच नाही. जेव्हा तुम्हाला वाटायचं मी पुस्तकात डोकं खुपसून आहे, तेव्हा मी त्रेंतोला सफरचंदं तोडत होतो, मार्सेयला बशा धूत होतो, आणि उरलेला वेळ ह्या कमानींखालून चालत होतो. सुरुवात एका परीक्षेने झाली. नापास झालो आणि बाबांना फोनवर म्हटलं, तिसांपैकी अठ्ठावीस. त्या दिवशी त्यांनी दुकानात सगळ्यांच्या दाढ्या फुकट केल्या. तू लिहिलं होतंस मला. त्यानंतर मी खरं कोणत्या तोंडाने सांगणार होतो? पुढची प्रत्येक परीक्षा मी फोनवरच पास झालो.

आता जे लिहितोय ते फक्त तुझ्यासाठी. वर पोचलो. वारा होता, खाली लाल कौलं. उंचीची भीती मला कधीच नव्हती. पण कठड्याशी उभा राहिलो आणि शुक्रवारची बस डोळ्यांपुढे आली, नव्या सुटातले बाबा उतरताना दिसले, आणि वाटलं, आत्ता एका क्षणात हे सगळं संपेल. तो विचार आला आणि जाईना. मला माझ्याच हातापायांची भीती वाटली. पार्दोने मागून माझा पट्टा धरला. एवढंच म्हणाला, "भूक लागलीय, खाली चल," आणि शेवटच्या पायरीपर्यंत त्याने पट्टा सोडला नाही. तिकिटाची बाई म्हणाली, "दोघं भांडलात का रे?" त्याने मला इथल्या मोर्तादेल्ला सॉसेजचा पाव घेऊन दिला, मी संपवेपर्यंत समोर बसून राहिला, आणि रविवारीही इथेच राहिला. मालक ओरडेल म्हटलं तर म्हणे, "टायर पंक्चर झाला सांगेन, त्याला काय कळतंय." आज पहाटे निघताना माझ्यासमोर कोरा कागद ठेवून गेला.

हे पत्र कशासाठी, ते आता लिहितो. बाबांना तू सांग. संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की शटर अर्धं ओढ आणि सांग. बस रद्द कर, पाटी तूच काढ, त्यांना काढायला लावू नकोस. माझ्याने होणार नाही. त्यांचा चेहरा समोर आला तर मी पुन्हा काहीतरी अठ्ठावीस सांगेन. मी भित्रा आहे, पण जिवंत आहे, आणि तसाच राहणार आहे, हेही त्यांना

थांब. घरमालकीण इओलेबाई दार वाजवून गेल्या. म्हणाल्या, "तुझे वडील आलेत. खालच्या बारमध्ये बसलेत, बॅग नाही, काही नाही. कॉफी मागवलीय, पण पीत नाहीत." मी विचारलं, काही म्हणाले का? तर म्हणाल्या, "तू वेळ कळवली नाहीस म्हणून शनिवारी त्यांनी विद्यापीठात फोन केला होता म्हणे. आणि म्हणाले, त्याला सांगा, सावकाश ये. सोमवारी माझं दुकान बंद असतं, मी दिवसभर बसू शकतो."

खाली जातोय.

तुझाच,
निकान्द्रो