तापमान तीन

१५ डिसेंबर २०२४, रविवार. दहिवली

आलो एकदाचे! टेंपोतून सामान उतरवताना फ्रिजचा दरवाजा निखळला, तुळस आडवी झाली आणि अक्षदाने पाच मिनिटांत रस्त्यावरच्या कुत्र्याला आमच्या घरचा करून टाकलं. सहा वर्षांची आहे, पण ओळखी करण्यात बापावर गेलीय. बाप, म्हणजे आमचे नवनाथराव, कंटेनर घेऊन राजस्थानात कुठेतरी आहेत. सामान लागून झालं की येतील, त्यांचं टायमिंग कधी चुकत नाही.

नऊ वर्षं पनवेलच्या दुकानात लोकांचे कॉम्प्युटर उघडून धूळ खाल्ली. आता या हवामान नोंदणी केंद्राची मी सर्वेसर्वा आणि एकमेव कर्मचारी. पुढच्या खोलीत केंद्र, मागच्या दोन खोल्यांत आम्ही मायलेकी. आसपासच्या शेतांत बसवलेली बारा यंत्रं पाऊस, वारा, तापमान पाठवतात. ते एका डेस्कटॉपवर गोळा करून दिवसातून दोनदा कंपनीला धाडायचं. डेस्कटॉप रात्रंदिवस चालू ठेवायचा, एवढीच काय ती अट.

घरमालक रोहिदासदादा शेजारीच राहतात. माझ्या आधी इथे सात वर्षं एक साहेब होते, म्हातारी आई त्यांच्याजवळ असायची. ऑक्टोबरमध्ये ती वारली आणि साहेब नोकरी सोडून गेले, असं दादा म्हणाले. झाडलोटीला सोनुबाई येते, डोंगराखालच्या वाडीवरून. आल्या आल्या तिने झाडू बाजूला ठेवून कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात टेकला, लेकराचा ताप बघावा तसा. मी विचारलं तर म्हणाली, सवय हाय बाय.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज मशीन सुरू केलं. दोन महिने बंद होतं. माझी जुनी खोड, आधी आतली तापमानं बघायची.

भिंतीवरचा थर्मामीटर २१. प्रोसेसर २७, बोर्ड २२. हे बरोबर. बंद पडलेलं मशीन सुरू केल्या केल्या खोलीइतकंच गार असतं, त्यात वादच नाही. पण खाली आणखी एक ओळ होती. तापमान तीन : ३६.४.

प्रोसेसरला मुद्दाम जड काम दिलं. तो ५८ वर गेला, पंखा बोंबलायला लागला. तापमान तीन जागचं हललं नाही. म्हणजे सेन्सर कशालाच जोडलेला नाही आणि प्रोग्राम आपला मोकळ्या पिनेवरून काहीतरी ठोकून देतोय. असं नेहमी होतं. फक्त अशा वेळी आकडा उणे ५५ किंवा १२७ असा वेडगळ येतो. हा खोटारडा फारच समंजस निघाला.

२१ डिसेंबर, शनिवार

गंमत सापडली. अक्षू अंगणातून मला "आई" अशी हाक मारते तेव्हा तापमान तीन ३६.५ होतं. मग पुन्हा ३६.४.

तिला दारात उभं करून दहा वेळा ओरडायला लावलं. दहाच्या दहा वेळा आकडा चढला. कुत्र्याला हाक मारली तर नाही. मी ओरडले तर नाही. मी तर घसा फुटेपर्यंत ओरडले.

कंपनीच्या तांत्रिक माणसाला फोनवर सांगितलं. तो खो खो हसला आणि म्हणाला, मॅडम, तिकडची हवा मानवली वाटतं तुम्हाला. मीही हसले. पण नऊ वर्षांत एकही आकडा मला कोड्यात टाकून पळालेला नाही. रविवारी डबा उघडणार.

२९ डिसेंबर, रविवार

आधीच्या रविवारी नवनाथ आला होता, म्हणून आज उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं. उघडू नये. आईला थंडी वाजते. आई गेल्यावर साहेब एकटे राहून जरा हलले होते बहुतेक.

आत धूळ म्हणजे गोधडी भरता येईल एवढी. तापमान तीनची वायर शोधत गेले. बारीक वायर, टोकाला मोहरीएवढा मणी, तोच सेन्सर. तो पार मागच्या कोपऱ्यात हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात सात घड्या घालून गुंडाळला होता. मशीनच्या पोटात सुती फडकं! उद्या पेट घेतला असता. सोनुबाईने परसात पाला पेटवला होता, त्यात टाकून दिलं.

सफाई होईपर्यंत मणी सांभाळायचं काम माझ्या असिस्टंट बाईंकडे. अक्षूने तो मुठीत इतका घट्ट धरला की उघडा डबा तसाच चालू करून बघितलं तर आकडा आला ३६.८. "मी कॉम्प्युटरमध्ये आले!" म्हणून नाचली. मग मशीन बंद करून मणी प्रोसेसरच्या डोक्यावरच्या अॅल्युमिनियमच्या जाळीवर बसवला. जन्मात सुटणार नाही अशा चिकटद्रव्याने. त्या अर्ध्या तासात अक्षू फरशीवरच झोपून गेली. पाय बर्फासारखे झाले होते, उचलून गोधडीत घातली.

आता तापमान तीन शहाण्यासारखं वागतंय. काम दिलं की ४० कडे जातं, रिकामं ठेवलं की ३५ वर येतं. हाक मारा नाहीतर ढोल वाजवा, ते ढिम्म. जिंकले.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

अक्षू मरगळलीय. उन्हात स्वेटर घालून बसते, तरी कुडकुडते. कुत्रा येऊन पायाशी बसतो, ती बघत नाही. थर्मामीटर लावला, ३४.७. सेल बदलून पुन्हा लावला. ३४.७.

सोनुबाई आज आली आणि डब्यावर हात ठेवून तशीच थबकली. फडकं कुटं हाय, विचारलं. जाळलं म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावला. मग अक्षूच्या कपाळाला हात लावला आणि न झाडताच निघून गेली. मला राग आला. काय ते तोंडावर सांगावं की.

६ जानेवारी, सोमवार

वर्षाचा अहवाल काढायचा होता. मशीन चार तास जड कामावर. दुपारी अक्षूला सणकून ताप भरला. ३९.३. औषधाची बाटली घेऊन धावत येताना सहज स्क्रीनकडे नजर गेली.

तापमान तीन : ३९.३.

अहवाल संपला. पंखा मंदावला. औषध अजून चमच्यात होतं आणि तिचा ताप उतरायला लागला.

योगायोग असतो. असतोच.

७ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून दर अर्ध्या तासाने दोन्ही आकडे लिहिले. बारा वेळा. बाराही वेळा दशांशापर्यंत सारखे.

दुपारी मी एक गोष्ट केली. लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मशीनला मुद्दाम जड काम दिलं. दहा मिनिटांत स्क्रीनवर ३८.१. अक्षूचे गाल लाल, डोळे जड. "आई, गरम होतंय." मी माझ्या पोटच्या पोरीवर चाचणी घेतली. लगेच बंद केली. तिला जवळ घेऊन रडले.

मला वाटत होतं मशीन तिचा ताप दाखवतंय. तसं नाही. मशीन जसं असेल तशी ती होते.

कर्जतला दवाखान्यात नेली. ३४.९ भरलं. रक्त ठीक, छाती ठीक. गरम कपडे घाला, दोन दिवसांनी पुन्हा आणा, म्हणाले. घरी येऊन त्या वेळची नोंद काढली. ३४.९.

आता हलकंसं काम सतत चालू ठेवलंय आणि डब्यावर गोधडी टाकलीय. ३६.८ वर आणून धरलंय. ती पोळी खातेय. मी स्क्रीनवरून नजर काढत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

मेसेज आला. उद्या शुक्रवारी दुरुस्तीसाठी दहा ते पाच वीज बंद.

यूपीएसची बॅटरी जुनी. रिकाम्या मशीनवर चाळीस मिनिटं, काम दिलं तर पंधरा. काम नाही दिलं तर आकडा पडणार. दिलं तर बॅटरी संपणार. आणि मशीन बंद पडलं तर ते खोलीइतकं गार होणार. खोली १८.

मणी सोडवायला गेले. सुटत नाही. वायरचं आवरण फाटायला लागलं, हात मागे घेतला. तुटली तर आकडा उणे ५५ येईल. मीच चिकटवला. इतका नीट चिकटवला.

नवनाथला फोन केला. अजमेरच्या पुढे आहे. म्हणाला, तू झोप जरा.

रोहिदासदादांना एवढंच सांगितलं की मशीन बंद पडता कामा नये. भिसेगावच्या मंडपवाल्याचा जनरेटर नऊला आणून देतो म्हणाले. सोनुबाईला त्यांच्याच हाती निरोप दिलाय. हात जोडते, ये म्हणावं.

१० जानेवारी, शुक्रवार

९:४० — ३६.८. जनरेटर नाही. मंडपवाल्याने तो नेरळच्या लग्नाला दिला. दादा स्वतः वीज कार्यालयात गेलेत, तासभर तरी चालू ठेवायला सांगतो म्हणाले. अँब्युलन्सला फोन केला. निघते म्हणतात.

१०:०० — वीज गेली. यूपीएस ओरडतोय. जड काम बंद केलं. ३६.५.

१०:०६ — ३५.४. अक्षू माझ्या मांडीवर. तिच्यावर दोन गोधड्या.

१०:११ — ३४.३. काम दिलं. ३४.९. बॅटरी भराभर उतरते. बंद केलं.

१०:१५ — ३३.६. डबा उघडून मण्यावर अंगठा दाबून धरला. ३३.८. तेवढंच. ओठ निळे पडलेत. "आई" म्हणते, आवाज निघत नाही.

१०:२० — सोनुबाई आली. पळत आलीय, तिला धाप लागलीय. म्हणाली, "म्हातारी थंड पडाया लागली, तवा सायबानं तिचं लुगडं फाडलं, बाय. त्या तारंला गुंडाळलं. मंग पेटी थंड झालीच नाय कंदी." अजून काही सांगत होती, हात धरून ओढत होती. नको, नको म्हणत होती. ऐकायला वेळ नव्हता. ३२.९.

१०:२४ — अक्षूच्या फ्रॉकचा घेर फाडला. मण्याभोवती कोंबला. सात घड्या. ३३.१ —

१०:२५ — ३५.

१०:२६ — ३६.८! थांबलं. ३६.८. हलत नाही. देवा. देवा. सोनुबाई भिंतीला टेकून रडतेय. मी हसतेय. अक्षूला झोप लागली.

१०:३१ — ३६.८. जड काम देऊन बघितलं. हलत नाही. बंद केलं. हलत नाही. पहिल्या दिवशी होतं तसंच —

१०:३७ — यूपीएस संपला. स्क्रीन काळा.

काही दिसत नाही आता. झोपू दे. उठवत नाही. सोनुबाई म्हणते, हात लाव. लावते. लावते, थोडं —

१०:५८ — वीज आली! दादांनी आणली. मशीन सुरू होतंय. एकवीस मिनिटं बंद होतं. भिंतीवर १८. बोर्ड १९. प्रोसेसर २३.

तापमान तीन : ३६.८.

वाचली. माझी पोर वाचली. गोधडीत हात घातला —

नाही. थंडीच तेवढी आहे. माझाच हात गार —

स्क्रीनवर ३६.८ आहे.

हाक मारली, अक्षू. मांडीवर काही हललं नाही. स्क्रीनवर ३६.९.

पुन्हा मारली. ३७.०.

ऐकतेय ती. सोनुबाई, बघ, ऐकतेय, ती आत —