पिसं गळण्याचे दिवस

३ जुलै, पहाटे साडेचार
आजपासून वही सुरू. चोवीस ऑगस्टला बॅडमिंटन क्लबच्या होस्टेलसाठी निवड चाचणी. खेळाडू लारास, माझी मुलगी, वय अकरा. कोच मी. (सर्टिफिकेटवाले लियांग सर आहेत म्हणा.) संकल्प: सराव रोज दोनदा, रविवारसुद्धा. पोहणं, सायकल, गल्लीतले खेळ बंद.

५ जुलै
लियांग सर म्हणाले, आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या, पोहू द्या, दुसरं काहीतरी खेळू द्या, वाढतं अंग आहे. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

११ जुलै
जनरलची पिसं गळायला लागली. जनरल म्हणजे माझा शामा पक्षी. गाणाऱ्या पाखरांच्या स्पर्धेत गेल्या वर्षी जिल्ह्यात पहिला. पिंजऱ्यावर पांढरं कापड टाकून ओसरीत टांगला. नाकतोडे, अळ्या, मुंग्यांची अंडी, रोज पालटून.
शेजारचा दार्सोनो रविवारच्या स्पर्धेचं आमंत्रण घेऊन आला. चांगला झापला. म्हटलं, पिसं गळताना पाखराला गायला लावतोस? गळा कायमचा जाईल. दोन महिने कुणी शिटीसुद्धा वाजवायची नाही. पिंजऱ्याला हात लावायचा नाही.
लारास पायरीवर बसून ऐकत होती. काही गोष्टी पोरांनी शिकायलाच हव्यात.

१९ जुलै
लारासचा गुडघा दुखतोय. मालिशवाल्या आजींनी तांदूळ-आल्याचा लेप लावला. संध्याकाळी सराव झाला. पोर एका शब्दाने कुरकुरली नाही. माझ्यावर गेली आहे.

२६ जुलै
लंगडायला लागली म्हणून डॉक्टरकडे नेलं. तिला बाहेर बसवून डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, सहा आठवडे बॅडमिंटन बंद. नंतर पोहणं, इतर खेळ, हळूहळू. शिवाय विचारलं, मुलीला हा खेळ आवडतो ना? मी म्हटलं, म्हणजे काय. मग आठवलं, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.
घरी सांगितलं, विशेष काही नाही. लारासने मान डोलावली. तिचा माझ्यावर विश्वास आहे. 
डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी जनरलच्या पिंजऱ्याच्या तळाशी घातली. तिथे कुणी हात घालणार नाही. लबाडी नव्हे, फक्त चोवीस तारखेपर्यंत.

१७ ऑगस्ट
इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन. गल्लीत पोत्यात पाय घालून शर्यत, दोरीला टांगलेले पापड तोंडाने खायची स्पर्धा. आम्ही अंगणात, दोनशे सर्व्हिस. भिंतीपलीकडून पोरं हाका मारत होती, लारास, ये की गं, तुझा पापड मऊ पडला.
एकशे चाळीसला ती खाली बसली. उठता येईना. रडलीसुद्धा नाही. मी म्हटलं, उरलेल्या साठ संध्याकाळी करू.
मी असं म्हणालो. पुन्हा वाचून पाहिलं, तेच लिहिलंय.

१८ ऑगस्ट
जनरलच्या पिंजऱ्याला मुंग्या लागल्या. बायकोने तळाचा पत्रा बाहेर ओढला. चिठ्ठी निघाली. पाखराने तिच्यावर करायचं ते केलं होतं, पण 'सहा आठवडे' तेवढं स्वच्छ.
ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चिठ्ठी पुसली आणि चिमटा लावून कपड्यांच्या दोरीवर वाळत घातली, रस्त्याच्या बाजूला. मग म्हणाली, अहो, लेकीला पिसं असती तर तुम्हाला कळलं असतं.
दार्सोनोने भिंतीवरून चिठ्ठी वाचली.  मान खाली घालून गेला.

२४ ऑगस्ट, पहाटे चार
सवयीने जाग आली. खुंटीवर रॅकेट नव्हती. वाटलं, पोर उठून सरावाला लागली. आणि, लिहायची लाज वाटते, मला आनंद झाला.
ओसरीत आलो. जनरलच्या शेजारी आमचा जुना रिकामा पिंजरा टांगलेला, वर पांढरं कापड. उचलून पाहिलं. आत तिरपी घातलेली रॅकेट. तारांना कागद अडकवलेला, लारासचं अक्षर:
सहा आठवडे कुणी शिटीसुद्धा वाजवायची नाही.
कापड पूर्वीसारखं नीट सोडलं आणि चपला हातात घेऊन आत आलो.