गोळी कुणाची, बोभाटा कुणाचा

तीर्थस्वरूप वन्संना,

वाकून नमस्कार. (पत्रातच वाकते आहे, प्रत्यक्षात माझी कंबर कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? भावजींचा खोकला गेला, की अजून घर डोक्यावर घेतो? मांजरीनं पिल्लं दिली असतील तर रंग कळवा. इकडे सगळे बरे आहेत, आणि सगळे म्हणजे तुमचा भाऊसुद्धा. हे आधीच लिहून टाकते, कारण परवा फोनवर तुम्ही रडवेल्या आवाजात "त्याचं डोकं कधीपासून बिघडलं गं?" असं विचारलंत आणि मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. दूध वगैरे काही नव्हतं. बोलायचा धीर नव्हता. लिहिताना तो थोडा येतो.

तर वन्सं, ह्यांचं डोकं जागेवर आहे. (लग्नात होतं तिथंच. फार वर सरकलेलं नाही.) गोळी घेते ती मी. मागच्या वर्षी मला काहीच झालं नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. घर चांगलं, नवरा चांगला, ड्रायव्हिंग स्कूलमधली नोकरी चांगली, आणि तरी कुणी रिव्हर्स घेताना खांबाला गाडी घासली की मला हुंदका फुटायचा. शिकणारा म्हणायचा, "बाई, रंग लावून देतो, पण रडू नका." शेवटी हेच मला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी एक गोळी दिली, तिनं मला झोप इतकी आली की शिकाऊ माणूस गाडी चालवतोय आणि शिकवणारी घोरतेय. मग दुसरी दिली, ती मानवली. म्हणून बाईंनी कागदावर ती बनवणाऱ्या कंपनीचं नाव लिहून खाली रेघ मारली आणि पुढे लिहिलं, "बदलू नये." नाव असं आहे की परदेशातला फुटबॉलपटू वाटावा. मला अजून एका दमात म्हणता येत नाही.

गाडी छान चालली होती. आणि मग कोपऱ्यावरच्या दुकानदारानं एक दिवस मान हलवली. वरूनच माल येत नाही म्हणे. "हे घ्या ना, तेच आहे, फक्त डबा वेगळा." मी म्हटलं, बदलू नये लिहिलंय. तो म्हणाला, मग नका घेऊ. (इतका तर्कशुद्ध माणूस मी पाहिला नाही.) डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या कसल्याशा परिषदेला गेलेल्या आणि फोनवरची मुलगी गोड आवाजात रोज एकच सांगायची, "निरोप देते हं." दुसऱ्या दुकानात म्हणाले, चिठ्ठी जुनी झाली, नवी आणा. तिसऱ्या दुकानात गोळी होती, पण दुप्पट ताकदीची, आणि ती मोडायची नाही, अख्खीच गिळायची असं पाकिटावरच छापलेलं.

बोभाटा झाला तो बाजारातल्या मोठ्या दुकानात. संध्याकाळची वेळ, रांग दारापर्यंत. काउंटरवरच्या माणसानं चिठ्ठी उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "अहो, ते डिप्रेशनचं शिल्लक आहे का बघा!" रांगेतलं खोकणंसुद्धा थांबलं. आणि माझ्या मागे कोण असावं? आमच्या वरच्या मजल्यावरच्या भोंगाकाकू. (खरं नाव मी विसरले आहे. त्या जिन्यात कुजबुजल्या तरी तळमजल्यावर लोक मान वर करतात.) त्यांनी माझ्या दंडाला हात लावून विचारलं, "कुणासाठी गं?"

वन्सं, मी शपथेवर सांगते, मी ठरवून खोटं बोलले नाही. तोंडच बोललं. म्हणालं, "ह्यांच्यासाठी." (गोळी तिथंही नव्हतीच.)

पुढचं तुमच्या कानावर आलेलंच आहे, पण तुम्हाला कळलं ते सांगोवांगी, आता मूळ ऐका. दुसऱ्या दिवसापासून तुमचा भाऊ इमारतीचा लाडका झाला. लिफ्टमध्ये त्यांना आधी जाऊ देतात. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले रोज संध्याकाळी बुद्धिबळ घेऊन येतात आणि मुद्दाम हरतात. ह्यांना वाटलं, आपला खेळ सुधारला! ज्या दवाखान्यासाठी हे कवळ्या बनवतात तिथल्या डॉक्टरांनी म्हणे पाठीवर हात ठेवून सांगितलं, "घाई नाही, दात सावकाश करा." (तिकडे एक आजोबा दातांवाचून खितपत पडलेत, त्याचं कुणाला काही नाही.) फक्त गच्चीची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली गेली. का ते ह्यांच्या लक्षात येईना. रोज संध्याकाळी विचारायचे, "अगं, माझ्या टोमॅटोंना पाणी कोण घालणार?" मी दोन्ही हातांनी भांडी घासत राहायची.

शेवटी सांगितलं. वाटलं, चिडतील. हे खुर्चीत मागे रेलून इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, "राहू दे. टोमॅटो वाळले तर वाळले, निदान बँकवाल्याला तरी हरवतोय." असा तुमचा भाऊ.

पण तोवर पाकीट संपलं. आता हे हसून लिहितेय, तेव्हा हसू नव्हतं. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं आणि जमीन पायाखालून किंचित सरकायची. सध्या माझ्याकडे एक निवृत्त न्यायाधीश शिकायला येतात. (उभ्या आयुष्यात निकाल दिले, पण डावीकडे वळायचं की उजवीकडे याचा निकाल लागत नाही.) चौकात सिग्नल हिरवा झाला आणि मला जे रडू कोसळलं ते थांबेचना. मागून हॉर्नचा कल्लोळ. न्यायाधीशसाहेबांनी कधी नव्हे ते न सांगता गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, रुमाल पुढे केला आणि म्हणाले, "आजचं कामकाज तहकूब." मी स्कूलच्या मालकांना सांगितलं, मी गाडीत बसणार नाही, दुसऱ्याच्या जिवाशी खेळ नको. घरी येऊन पलंगाच्या कडेला बसले, चपलासुद्धा काढल्या नाहीत.

ह्यांनी हातातली कवळी खाली ठेवली. "चल."

पुन्हा तेच मोठं दुकान, तीच रांग आणि रांगेत (हो ना!) भोंगाकाकू. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "पेशंट कोण?" हे एक पाऊल पुढे झाले आणि अगदी सहज म्हणाले, "मी."

त्या "मी"नं माझ्या आत काहीतरी हललं, वन्सं. इतकी वर्षं ह्या माणसाला मी विसराळू, वेंधळा, काय काय म्हणत आले, आणि तो भर बाजारात माझं दुखणं स्वतःच्या नावावर घेऊन उभा. मी म्हटलं, "नाही. मी. मी घेते ती गोळी." आवाज दारापर्यंत गेला असावा.

भोंगाकाकूंनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पिशवीतून फोन काढला. "अगं मग नीट सांगायचं नाही का! इतके दिवस चुकीच्या माणसाची काळजी करतेय मी." आणि तिथंच उभ्या राहून त्यांनी गावातल्या एकेका औषधवाल्याला फोन लावला. "हो, मनाचंच औषध! त्यात लाजायचं काय? आहे की नाही तेवढं बोला!" रस्त्यापलीकडचा चहावालासुद्धा ऐकत होता. अखेर स्टेशनामागच्या एका हॉस्पिटलातल्या दुकानात गोळी सापडली. तिथल्या डॉक्टरांनी मला तपासलं, नवी चिठ्ठी दिली, पुन्हा कशी सुरू करायची ते समजावलं. आमच्या डॉक्टरीणबाईही परतल्या आणि हा माल पुन्हा आटला तर काय घ्यायचं ते त्यांनी आत्ताच लिहून दिलं आहे. मी परत गाडीवर जाते. न्यायाधीशसाहेब परत खांबाला घासतात.

गच्चीची किल्ली मिळाली. बँकवाले मात्र आता जिंकायला लागले आहेत, त्यामुळे घरात थोडी उदासी आहे, पण तिच्यावर गोळी नाही.

भावजींना नमस्कार, पिल्लांना पापा.

तुमची भावजय

ता. क. तुम्ही भावाला विश्रांतीसाठी तिकडे न्यायचं म्हणत होतात. तो आनंदानं येईल, म्हणूनच नेऊ नका.

ता. क. दुसरा. वन्सं, फोन ठेवायच्या आधी तुम्ही विचारलं होतंत, "त्याला अंघोळीला उठणंसुद्धा डोंगर वाटतं का गं? आणि कुणी हाक मारली तर ओ द्यायचा कंटाळा येतो का?" तुमचा भाऊ अंघोळीत गातो हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. मग हे प्रश्न कुणाचे? मी शनिवारी येते आहे. तुमच्या गावात एक चांगल्या डॉक्टरीण आहेत, त्यांच्याकडे वेळ घेतली आहे. माझ्याबरोबर चला, एवढंच मागणं. बाकी सगळं पत्र भरताड आहे.

ता. क. शेवटचा. भावजींना इतक्यात सांगायचं नसेल तर नका सांगू. आणि दुकानात कुणी विचारलं, "कुणासाठी?" तर खुशाल सांगा, भावजयीसाठी. माझं आता गावभर झालंच आहे, त्यात तुमचंही खपून जाईल.