एका पिशवीत बेडूक आणि झुडूप

पद्माकर,

दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्याला पट्टी आहे, तेव्हा जरा तिरका स्वीकार). गुडघा काय म्हणतोय? वहिनी जिना चढू देत नसतील तर त्यांचं ऐक.

मला इथे परदेशात, लेकाकडे क्वेकर्स हिलला करमत नाही आणि दोन महिने आधीच परतायचं मनानं घेतलंय, हे तुला ठाऊकच आहे. यतिन आणि सूनबाई सकाळीच ट्रेनने जातात, मी डिशवॉशरशी बोलतो. तर गेल्या आठवड्यात देवाला फुलं हवीत म्हणून आपल्या पुणेरी सवयीनं पिशवी घेऊन निघालो. तळ्याकाठी एक बुटकं झुडूप, पांढरी-गुलाबी फुलं, मालक दिसेना. चार तोडतोय तोच आतून हिरवा-सोनेरी बेडूक थेट पिशवीत. मी दचकून मागे सरलो तो हात कुंपणाच्या तारेवर, आणि असा बोंबललो की तळ्याची राखण करणारी हेलनबाई धावत आली. पिशवीत डोकावून ती मटकन बसलीच. बेडूक नामशेष होत चाललेला, झुडूपही तसंच, आणि मी दोघांना देवाच्या नावानं गोळा केलेलं. आता दंड होणार, यतिनची मान खाली जाणार, या विचारानं मला दरदरून घाम फुटला.

बाईनं आधी बेडूक सोडला, मग माझ्या हाताला पट्टी बांधली, मग झापलं (हा क्रम मी जन्मात विसरणार नाही). बेडकाचा रंगीत बोर्ड आहे, टी-शर्ट आहेत, वीकेंडला पोरं आईबापांना ओढत आणतात. झुडपाकडे ही एकटी बघते. म्हणाली, "बेडूक ओरडतो म्हणून लोक येतात. हे बिचारं गप्प असतं." तुझं बरंय, तू सोसायटीच्या मीटिंगमध्ये बेडकासारखा ओरडतोस, मी पडलो झुडूप.

दंडाऐवजी तिनं हातात खुरपं दिलं. रोज तण काढतो. ती मला 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणते, थर्मासमधला चहा देते, काल मी चकल्या नेल्या. देवाला हॅरिस पार्कच्या देशी दुकानातली विकतची फुलं चालतात, त्याची तक्रार नाही. बाईचे फार उपकार आहेत माझ्यावर.

मातीच्या नखांनिशी,
तुझा रवींद्र

ता. क. "बाबांच्या इथल्या फ्लॅटला गळती लागलीय, त्यांना लवकर पाठव," असा यतिनला फोन कर म्हणालो होतो. तो करू नकोस.

ता. क. २ : पाकीट बंद करणार तेवढ्यात यतिन आला. तुझा फोन कधीच झालाय म्हणे. त्यानं परस्पर प्लंबर पाठवला, आणि माझं तिकीट दोन महिने पुढे ढकललं. म्हणाला, "गळती नव्हतीच, बाबा. राहा ना अजून." किल्ली तुझ्याकडे, म्हणजे प्लंबरला दार तूच उघडलंस. मला कळवलं असतंस तर मी दुसरं निमित्त शोधलं असतं. नाही कळवलंस, फार बरं केलंस.